रेषेवरचा शब्द

मागच्या व्याख्यानात आपण एक्स्पर्ट सिस्टिम्सचा काळ पाहिला. 1970च्या दशकात स्टॅनफर्डचे एडवर्ड फायगेनबॉम सांगत होते की, खरी अडचण यंत्राच्या ताकदीची नाही. तज्ज्ञाच्या डोक्यातलं ज्ञान बाहेर कसं काढायचं, तिथं गाडं अडतं. आज आपण त्यावरच्या एका उपायाकडे वळू. गंमत अशी, की तो संगणकवाल्यांनी शोधलेला नाही. तो शाळकरी मुलांचं ऐकताना सापडला.

1972 साली कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांचे सहकारी मुलांच्या मुलाखती घेत होते. विज्ञानातल्या कल्पना मुलांच्या मनात कशा बदलत जातात, याचा हा 12 वर्षांचा अभ्यास. मुलाखतींच्या कागदांचे ढीग साचले, पण बदल नेमका कुठे झाला ते दिसेना. डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार त्यांच्यापुढे होता: नवं ज्ञान आधीच्या ज्ञानाला जोडलं गेलं, तरच ते अर्थपूर्ण होतं. मग त्यांनी संकल्पना चौकटींत मांडल्या आणि जोडणाऱ्या रेषेवर शब्द लिहिला. हाच संकल्पना-नकाशा.

नुसत्या रेषेनं 'काहीतरी संबंध आहे' एवढंच कळतं. रेषेवर क्रियापद आलं की विधान होतं, आणि विधान खरं की खोटं हे विचारता येतं.

ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर घ्या. आपण लिहिलं, 'सभासद – नेतो – पुस्तक'. ग्रंथपाल म्हणतील, "अहो, सभासद प्रत नेतो. नंबर लावतो तो पुस्तकासाठी." हा भेद त्यांच्या इतका अंगवळणी पडलेला असतो, की नकाशा समोर आल्याशिवाय तो बोलण्यात येत नाही. तो निसटला, तर पाचपैकी एक प्रत बाहेर गेली तरी संगणक सांगणार, 'पुस्तक उपलब्ध नाही'.

1990च्या दशकात फ्लोरिडात केनेथ फोर्ड, अल्बर्टो कान्यास आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या आण्विक चाचण्यांवरून निदान करणारी प्रणाली बांधली. तज्ज्ञ डॉक्टरांचं ज्ञान टिपताना काढलेले नकाशे त्यांनी बाजूला टाकले नाहीत. प्रणालीचं स्पष्टीकरण म्हणून तेच वापरणाऱ्यापुढे ठेवले.

यात मोठी गोष्ट आहे. प्रोग्राम सहसा डॉक्टरांना किंवा ग्रंथपालांना वाचता येत नाही. नकाशा वाचता येतो, आणि "हे असं नाही" म्हणून बोट ठेवता येतं. ज्याचं ज्ञान आपण यंत्रात घालतो, त्याला तपासणीचा हक्क राहतो. अर्थात, हाताला कळतं ते सगळंच शब्दांत येतं का? मायकेल पोलान्यी यांनी 1966 मध्ये हाच प्रश्न मांडला. त्याकडे आपण पुढच्या वेळी वळू.