वेळापत्रकांतील ‘ऐच्छिक’ तास : पाबळचें प्रकरण

शिक्रापूर हें गांव पुणें-नगर रस्त्यावरील असल्यामुळें इतिहासाच्या वाचकांस त्याचें नांव बहुधा फौजांच्या कूच-मुक्कामांच्या वर्णनांत आढळतें. त्याच्या वायव्येचें पाबळ मस्तानीच्या कबरीमुळें सर्वश्रुत आहे. परंतु या टापूनें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत महाराष्ट्राच्या शिक्षणांत जी भर घातली, तिचा इतिहास या दृष्टीनें विचार झालेला आमच्या फारसा पाहण्यांत नाहीं. हायस्कुलाच्या वेळापत्रकांत भाषा व गणित यांच्या शेजारीं हस्तव्यवसाय, कार्यानुभव, ऐच्छिक विषय अशा नांवांचे जे तास असतात, त्यांच्याशीं ही हकीकत निगडित आहे. विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. तथापि हुन्नर कोणीं शिकावा आणि कोणाच्या इच्छेनें शिकावा, हा मोठा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

जुन्या गांवगाड्यांत हा प्रश्न सहसा उद्भवत नसे. सुताराचा मुलगा सुतारकाम व लोहाराचा मुलगा लोहारकाम घरींच शिके. बलुत्याच्या वतनांचे तंटे, महजर व निवाडे पुष्कळ छापले गेले आहेत. त्यांवरून हुन्नर हा वृत्तीबरोबर वारशानें येई, हें स्पष्ट होतें. पंतोजींच्या शाळेंत अक्षर वळविणें, उजळणी व हिशेब एवढेंच मुख्यतः चाले. लेखणी धरणारा हत्यार धरीत नसे व हत्यार धरणाऱ्याच्या हातीं बहुधा लेखणी येत नसे. इंग्रजी अमदानींतील हायस्कुलानें ही फारकत मोडली नाहीं. सरकारी नोकरीच्या आशेनें ती उलट पक्की झाली.

इ. स. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं जें निवेदन केलें, त्यांत प्राथमिक शाळांतून मोडी व बालबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांबरोबर शेतीचेंही प्राथमिक ज्ञान द्यावें, अशी मागणी होती. कमिशननेंही हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन शाखा असाव्या, एक विद्यापीठाकडे नेणारी व दुसरी व्यापारधंद्यास उपयोगी पडणारी, अशी शिफारस केली. विद्यार्थ्यास निवड असावी ही कल्पना सरकारी कागदांत येथें ठळकपणें दिसते. परंतु प्रतिष्ठा व नोकरी या दोन्ही गोष्टी पहिल्या शाखेंत असल्यामुळें मुलांचा लोंढा तिकडेच गेला व दुसरी शाखा वाळली.

स्वदेशीच्या काळांत विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या समर्थ विद्यालयानें राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोग तळेगांव दाभाडे येथें केला. (शिक्रापुरानजीकचें तें तळेगांव ढमढेरे, दोहोंची गल्लत होऊं नये.) त्याच गांवीं १९०८ सालीं पैसाफंडाचा काच कारखाना निघाला. शाळा व कारखाना एकाच गांवीं असण्याचा हा योग पुढें काय फळ देता, तें सांगतां येत नाहीं. कारण १९१० सालीं सरकारनें विद्यालय बंद पाडलें.

यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे वर्ध्याची ऑक्टोबर १९३७ मधील शिक्षण परिषद होय. तींतून निघालेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेस झाकीर हुसेन समितीनें रूप दिलें. शिक्षणाच्या मध्यभागीं एक हस्तोद्योग असावा व त्याच्या आधारें इतर विषय शिकवावे, हें तिचें सूत्र. स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगानें १९५३ सालीं बहुउद्देशीय हायस्कुलें सुचविलीं. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, शेती, ललितकला व गृहविज्ञान असे सात गट त्यानें मांडले व प्रत्येक विद्यार्थ्यास एक हस्तव्यवसाय आवश्यक ठरविला. कोठारी आयोगानें (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा शब्द रूढ केला. ईश्वरभाई पटेल समितीनें १९७७ सालीं ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ पुढें आणलें.

नांवें बदललीं, परंतु वर्गांतील स्थिति फारशी बदलली नाहीं. याचीं कारणें आमच्या मतें तीन. शिकविणारा बहुधा कारागीर नव्हे, तर दुसऱ्या विषयाचा मोकळा सांपडलेला शिक्षक असे. केलेल्या वस्तूला गिऱ्हाईक नसे. ती प्रदर्शनाच्या दिवशीं टेबलावर व नंतर कपाटांत जाई. आणि परीक्षेच्या गुणांत तिचें वजन नसल्यानें परीक्षा जवळ आली कीं तो तास गणिताकडे वळविला जाई. हा अनुभव ज्यांस नाहीं असे वाचक थोडे असतील.

या पार्श्वभूमीवर पाबळचें महत्त्व ध्यानांत येतें. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग हे हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधन विभागांत काम करीत होते. तें पद सोडून त्यांनीं १९८३ सालीं पाबळ येथें विज्ञान आश्रम स्थापिला. गांव त्यांनीं हेतुतः अवर्षणग्रस्त निवडलें; जें येथें साधेल तें इतर खेड्यांतही साधावें, हा त्यांतील विचार. गांवच्या हायस्कुलांतील आठवी ते दहावीच्या मुलामुलींकरितां त्यांनीं ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा अभ्यासक्रम आंखला. पुढें राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानें त्यास शालान्त परीक्षेच्या विषयांत स्थान दिलें.

आठवड्यांतला एक दिवस या कामास दिलेला असे. विभाग चार : अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. प्रत्येक विद्यार्थी चारही विभागांतून जाई. यांतील मर्म असें कीं, मुलगी वेल्डिंगचा हातमोजा चढवी आणि मुलगा स्वयंपाक व रक्तगट तपासणी शिके. माती परीक्षण, विजेची जोडणी, फेरोसिमेंटचें काम हीं पुस्तकांतील धडे म्हणून नव्हे, तर गांवच्या गरजा म्हणून शिकविलीं जात. शिकविणारे शक्यतों त्या त्या कामांतले जाणते लोक असत. मुलांनीं केलेली वस्तु किंवा सेवा गांवकऱ्यांस खर्च घेऊन दिली जाई. ज्या फाटकाचे पैसे मोजले आहेत तें वांकडें झालें, तर गिऱ्हाईक परत येतें. हा धडा कपाटांतील वस्तु देऊं शकत नाहीं. वर सांगितलेल्या तिन्ही उणिवा येथें एकदम भरून काढण्याचा यत्न झाला, हेंच या प्रकरणाचें वैशिष्ट्य होय. २००२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या साहाय्यानें तेथें ‘फॅब लॅब’ नांवाची प्रयोगशाळा उभी राहिली, ती त्या संस्थेबाहेरील आरंभींच्या प्रयोगशाळांपैकीं एक होय. डॉ. कलबाग २००३ सालीं निवर्तले. आश्रमाचें कार्य पुढें चालू राहिलें.

यावर एक आक्षेप येतो, व तो टाळण्याजोगा नाहीं. खेड्यांतल्या मुलांस हत्यार व शहरांतल्या मुलांस पुस्तक अशी वांटणी झाली, तर जुनें बलुतेंच नव्या नांवानें परत आलें असें होईल. वर्धा योजनेवरही या प्रकारचा आक्षेप आला होता. पाबळच्या मांडणींत त्याचें अर्धें उत्तर आहे : तेथें जन्मावरून काम ठरत नाहीं आणि इतर विषय सोडावे लागत नाहींत. उरलेलें अर्धें उत्तर पाबळ देऊं शकत नाहीं. तें शहरांतील शाळांनीं द्यावयाचें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें सहावी ते आठवीच्या मुलांस दप्तराविना दहा दिवस कारागिरांजवळ घालविण्याची तरतूद सुचविली आहे. ती सर्व शाळांत सारखी पाळली गेली, तरच ‘ऐच्छिक’ या शब्दास अर्थ येईल. जेथें शाळेंत एकच पर्याय आहे, तेथें इच्छा कसली ?

शेवटीं एक विनंती. आज शिक्रापूर, सणसवाडी व रांजणगांव या पट्ट्यांत कारखाने उभे आहेत, आणि हुन्नर शिकलेल्या हातांचें मोल तेथें रोज ठरतें आहे. परंतु ते हात कसे तयार झाले, याचे कागद नाहींसे होण्यास वेळ लागणार नाहीं. जुनीं वेळापत्रकें, जडवस्तूंच्या नोंदवह्या, मुलांनीं केलेल्या कामांचे हिशेब व पावत्या शाळांतून रद्दींत जातात. वतनाचा महजर आपण जपतों, त्याच काळजीनें हीं बाडेंही जपलीं पाहिजेत. महजरांत कोणाचा हुन्नर कोणाकडे वारशानें गेला तें लिहिलें आहे. या वह्यांत तो वारसा कोणीं प्रथम मोडला, तें सांपडेल.