टी पेशी कशी घडते? आयएल-७ आणि गॅमा साखळी

रक्तातल्या सगळ्या पेशी अस्थिमज्जेतल्या मूळपेशींपासून तयार होतात. त्यातून लाल पेशी होणार, बी पेशी होणार की टी पेशी, हे बरेचसे बाहेरून मिळणाऱ्या रासायनिक संदेशांवर ठरते. हवा तो संदेश आलाच नाही, तर कच्ची पेशी वाट पाहत बसत नाही, ती मरते. एक्स गुणसूत्राशी निगडित ‘स्किड’ या जन्मजात आजारात हे फार स्पष्ट दिसते.

टी पेशी घडतात थायमस ग्रंथीत, म्हणजे छातीच्या मधल्या हाडामागे. अस्थिमज्जेतून तिथे आलेल्या कच्च्या पेशीला प्रामुख्याने दोन संदेश लागतात. थायमसच्या पेशींवरचे एक प्रथिन तिच्या ‘नॉच’ या ग्राहीला चिकटते आणि ती बी पेशी न होता टी पेशीच्या वाटेला लागते. दुसरा संदेश इंटरल्यूकिन-७, म्हणजेच आयएल-७ या प्रथिनाचा. तो तिला जगवतो आणि तिची संख्या वाढवतो.

आयएल-७ स्वतः पेशीत शिरत नाही. पेशीच्या पडद्यात रोवलेल्या ग्राहीचे अल्फा आणि गॅमा असे दोन भाग असतात. आयएल-७ जोडले गेले की ते जवळ येतात आणि त्यांच्या आतल्या टोकांना चिकटलेली जॅक-१ आणि जॅक-३ ही विकरे जागी होतात. ती स्टॅट-५ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. मग स्टॅट-५ केंद्रकात जाऊन पेशीला जगवणारी जनुके चालू करते.

यातली गॅमा साखळी एकट्या आयएल-७ची नाही. आयएल-२, ४, ९, १५ आणि २१ यांचे ग्राहीही तीच वापरतात. नैसर्गिक मारक पेशींना आयएल-१५ लागते. त्यामुळे गॅमाचे जनुक बिघडले की टी पेशी आणि मारक पेशी दोन्ही जवळजवळ नाहीशा होतात. फक्त अल्फा बिघडला, तर मारक पेशी शाबूत राहतात. बी पेशी दोन्ही प्रकारांत असतात, पण टी पेशींच्या मदतीशिवाय त्यांचा फारसा उपयोग होत नाही. उंदरात मात्र आयएल-७ नसले तर बी पेशीही फार घटतात. उंदरावरचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावता येत नाहीत, ते असे.

गॅमाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने आजार मुलग्यांना होतो, आई वाहक असली तरी निरोगी असते. तिच्या शरीरातल्या पेशींमध्ये दोनपैकी कुठलाही एक एक्स बंद असतो, पण टी पेशी पाहाव्यात तर सगळ्या निरोगी एक्स चालू असलेल्याच! बाकीच्या संदेशाअभावी घडतानाच संपलेल्या असतात. जॅक-३ बिघडले तरी चित्र हेच दिसते, पण ते जनुक १९व्या गुणसूत्रावर आहे. त्यामुळे तो आजार मुलींनाही होतो आणि नात्यातल्या लग्नांत त्याचा धोका वाढतो.

१९७१ साली अमेरिकेत जन्मलेला डेव्हिड वेटर याच आजारामुळे जंतुविरहित प्लास्टिकच्या कक्षात वाढला आणि १९८४ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी गेला. जबाबदार जनुक सापडले १९९३ मध्ये. आज अशा बाळाला योग्य दात्याच्या मूळपेशी लवकर दिल्या, तर ते सहसा वाचते. जनुकोपचारही आहेत, मात्र सुरुवातीच्या प्रयोगांत काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला होता.

प्रश्न वेळेवर ओळखण्याचा आहे. टी पेशी घडताना डीएनएची छोटी कडी कापून बाजूला पडतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्तात ती मोजता येतात. अमेरिकेत ही तपासणी सर्व राज्यांत होते, भारतात ती सरसकट होत नाही. आपल्याकडे जन्मतःच बीसीजी दिली जाते. तिच्यात जिवंत जंतू असतात, आणि स्किड असलेल्या बाळात ते शरीरभर पसरू शकतात. घरात एखादे मूल पहिल्या वर्षात वारंवारच्या संसर्गाने दगावले असेल, तर पुढच्या बाळाला बीसीजी देण्याआधीच हे डॉक्टरांना सांगावे.