शब्द, सून आणि विसावा : जपानमधील स्मृतिभ्रंश-शुश्रूषेच्या इतिहासातील एक प्रकरण

वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचा इतिहास बहुधा वैद्यकाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. रोग्याची सेवा करणाऱ्या माणसाचा इतिहास मात्र त्यातून वगळला जातो. ह्याचे कारण उघड आहे. रोगाला नाव असते, निदान असते, नोंद असते. सेवा करणाऱ्याच्या थकव्याला दीर्घकाळ नावच नव्हते. ज्याला नाव नाही त्याची तरतूद कायद्यात होत नाही. गेल्या अर्धशतकात जपानने ह्या दोन्ही बाबतींत, म्हणजे रोगाला नवे नाव देण्याच्या आणि सेवा करणाऱ्याला उसंत देण्याच्या बाबतीत, जे प्रयत्न केले, त्यांचा परस्परसंबंध तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ १९७२ पासून धरणे सोयीचे आहे. त्या वर्षी आरियोशी सावाको ह्या लेखिकेची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. ‘कोकोत्सु’ म्हणजे भान हरपलेली, तंद्रीत गेलेली अवस्था. राय सान्यो ह्या इतिहासकाराच्या ‘निहोन गाइशी’ ह्या ग्रंथात एका वृद्ध सरदाराच्या वर्णनात आलेला हा शब्द लेखिकेने उचलला आणि तो घरोघरी पोहोचला. कादंबरीचा विषय सासऱ्याचा स्मृतिभ्रंश असला, तरी तिचा केंद्रबिंदू सासरा नाही. नोकरी करून घर सांभाळणारी आणि रात्री-अपरात्री सासऱ्यामागे धावणारी सून अकिको ही आहे. मुलगा आपल्याच भावी म्हातारपणाच्या भीतीने बापापासून दूर राहतो. मदतीसाठी सरकारी व्यवस्थेकडे वळावे, तर तेथेही अकिकोच्या पदरी निराशाच येते.

जपानी भाषेत सुनेला ‘योमे’ म्हणतात. ह्या शब्दाचे चिन्ह ‘स्त्री’ आणि ‘घर’ ह्या दोन चिन्हांच्या संयोगाने बनले आहे. नवरी आणि सून ह्या दोन्ही अर्थी तो एकच शब्द चालतो. म्हणजे स्त्री ज्या क्षणी वधू होते त्याच क्षणी ती त्या घराची सून होते. महायुद्धानंतर नागरी संहितेची पुनर्रचना झाली आणि ‘इए’ ही जुनी कुलव्यवस्था कायद्यातून गेली. परंतु शब्द राहिला व शब्दाबरोबर अपेक्षाही राहिली. सासूसासऱ्यांची सेवा सुनेने करावयाची, पण त्यांच्या वारशात तिला वाटा नाही, ही विसंगती पुढे अनेक दशके टिकली. सेवा करणाऱ्या सुनेसारख्या नातेवाइकाला वारसांकडून मोबदला मागण्याचा हक्क देणारी दुरुस्ती २०१८ मध्ये झाली आणि ती २०१९ पासून अमलात आली. शब्दांत मुरलेली व्यवस्था कायद्याच्या एका कलमाने नाहीशी होत नाही, ह्याचे हे ठळक उदाहरण होय.

१९७३ मध्ये सत्तर वर्षांवरील व्यक्तींना वैद्यकीय उपचार मोफत करण्यात आले. ह्या उदार धोरणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला. घरी ठेवणे अशक्य झालेले वृद्ध उपचाराची गरज नसतानाही रुग्णालयांत राहू लागले. ह्याला जपानी भाषेत ‘सामाजिक रुग्णालयवास’ अशा अर्थाचे नाव पडले. हे नाव मोठे बोलके आहे : खाटेवर रोगी वृद्ध असला, तरी त्याला तेथे आणणारे कारण घरातील माणसाचे थकणे हे होते. थकव्याला स्वतःची वाट नसल्यामुळे त्याने रोगाची वाट धरली, असे म्हणावे लागते. ही मोफत उपचारांची पद्धत १९८३ मध्ये बंद झाली.

दरम्यान १९७८ मध्ये अल्पमुदतीच्या निवासाची योजना सुरू झाली व १९७९ मध्ये दिवसापुरत्या सेवाकेंद्रांची. पहिली योजना आरंभी अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांपुरती होती. म्हणजे ज्याचे पाय चालतात आणि स्मृती चालत नाही, ज्याच्यामागे सर्वांत अधिक धावावे लागते, तो तिच्या कक्षेबाहेर होता. योजनेचा लाभ कोणत्या कारणासाठी घ्यावा ह्याचीही वर्गवारी ठरली. सेवा करणाऱ्याचे आजारपण, बाळंतपण, लग्न वा अंत्यविधी ही ‘सामाजिक कारणे’. प्रवास वा विश्रांती ही ‘खाजगी कारणे’. सुनेला ताप आला तर तिचे कारण सामाजिक. ताप येऊ नये म्हणून तिला झोप हवी असेल, तर ते खाजगी. ह्या वर्गवारीत त्या काळाची नीतिकल्पना स्पष्ट दिसते.

१९८० मध्ये क्योतो येथे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या कुटुंबीयांची संघटना स्थापन झाली. शासनाच्या दारी आतापर्यंत रोग्याचे नातेवाईक एकेकटे जात. आता ते एक वर्ग म्हणून बोलू लागले. १९८९ च्या दशवार्षिक योजनेत, जी ‘गोल्ड प्लॅन’ ह्या नावाने ओळखली जाते, अल्पमुदतीच्या निवासासाठी ५०,००० खाटा, १०,००० दिवसकेंद्रे आणि १,००,००० गृहसेविका असे लक्ष्य ठरविण्यात आले. १९९४ मध्ये ते वाढवून अनुक्रमे ६०,०००, १७,००० व १,७०,००० करण्यात आले.

दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा १९९७ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २००० पासून अमलात आला. चाळीस वर्षांवरील प्रत्येकाने हप्ता भरावयाचा आणि लाभाचा निम्मा खर्च करांतून, निम्मा हप्त्यांतून भागवावयाचा, अशी त्याची रचना आहे. ह्या कायद्यापूर्वी एक महत्त्वाचा वाद झाला. जर्मनीने १९९५ पासून अमलात आणलेल्या अशाच विम्यात, कुटुंबातच सेवा होत असेल तर रोख रक्कम घेण्याची मुभा ठेवली होती. जपानने तसे करावे काय? हिगुची केइको व त्यांच्या स्त्री-सहकाऱ्यांनी ह्यास विरोध केला. रोख रक्कम मिळू लागली तर सुनेचे ओझे कमी होणार नाही. तिला घरी ठेवण्यास एक नवे समर्थन तेवढे मिळेल, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर कायद्याने सेवा दिली, पैसा दिला नाही. अल्पमुदतीचा निवास आता हक्काचा झाला. सलग तीस दिवसांपर्यंत त्याचा लाभ घेता येतो. ह्या निर्णयाची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. ज्या स्त्रिया घरी सेवा करीतच राहिल्या, त्यांच्या श्रमांना कायद्याच्या हिशेबात स्थान मिळाले नाही.

आता रोगाच्या नावाकडे वळावयाचे. २००४ पर्यंत अधिकृत शब्द ‘चिहो’ हा होता. त्यातील पहिले चिन्ह मूर्खपणाचे, दुसरे भांबावल्याचे. हा शब्द हीनतादर्शक असल्याची तक्रार होऊन २००४ मध्ये शासनाने समिती नेमली, लोकांची मते मागविली आणि डिसेंबरमध्ये ‘निन्चिशो’, म्हणजे शब्दशः ‘आकलन-रोग’, हे नाव स्वीकारले. पण भाषाभ्यासकाच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट ही की, ‘चिहो’ हा शब्ददेखील दयाबुद्धीनेच आला होता. मेजी काळाच्या अखेरीस कुरे शूझो ह्या मनोविकारतज्ज्ञाने वेडाचे चिन्ह टाळण्यासाठी तो सुचविला होता. शतकभराच्या वापराने सौम्य शब्द कठोर झाला. नव्या शब्दावरही मानसशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला, कारण ‘निन्चि’ म्हणजे नुसते आकलन. त्यात बिघाडाचा अर्थ नाही. पुढे बोलीत ‘निन्चि’ एवढाच तुकडा रोग्याला उद्देशून वापरला जाऊ लागला. नाव बदलल्याने कलंक पुसला जातो, तो काही काळापुरताच; शब्दाला पुन्हा गंज चढतो तो भोवतालच्या व्यवहारामुळे.

व्यवहार किती बदलला होता, ह्याची कसोटी एका खटल्याने लागली. डिसेंबर २००७ मध्ये ऐची प्रांतात ९१ वर्षांचा एक स्मृतिभ्रष्ट वृद्ध दिवसकेंद्रातून घरी परतला. त्याची ८५ वर्षांची पत्नी, जिला स्वतःलाच शुश्रूषेची गरज होती, क्षणभर डुलकी लागून झोपली. त्याच्या सेवेसाठी दूरच्या शहरातून येऊन जवळ राहिलेली सून त्या वेळी दुसऱ्या कामात होती. तेवढ्यात वृद्ध बाहेर पडला व रेल्वेखाली सापडून मरण पावला. रेल्वे कंपनीने नुकसानभरपाईचा दावा लावला. २०१३ मध्ये जिल्हा न्यायालयाने पत्नी व मुलगा ह्यांना सुमारे ७२ लाख येन भरण्याचा आदेश दिला. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने एकट्या पत्नीवर सुमारे ३६ लाख येनांची जबाबदारी ठेवली. १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. केवळ पत्नी आहे म्हणून ती देखरेखीस बांधलेली ठरत नाही. प्रत्यक्ष परिस्थिती पाहिली पाहिजे, असे न्यायालयाने ठरविले. विमा, केंद्रे, खाटा हे सर्व असूनही एका वृद्धेच्या काही मिनिटांच्या झोपेची किंमत ठरविण्यास देशाला आठ वर्षांहून अधिक काळ लागला. २०२३ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२४ पासून अमलात आलेल्या स्मृतिभ्रंशविषयक मूलभूत कायद्याची पार्श्वभूमी ही आहे.

इंग्रजीत ह्या तरतुदीला जो ‘रेस्पाइट’ शब्द आहे, तो लॅटिनमधील ‘मागे वळून पाहणे’ ह्या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. आदरवाचक ‘रिस्पेक्ट’ हा त्याचाच भाऊ. जपानीत तो ‘रेसुपाइतो’ म्हणून आला खरा, पण व्यवहारात ‘शोतो सुतेइ’, म्हणजे अल्प मुक्काम, हाच शब्द रुळला. मुक्काम रोग्याचा असतो; विसावा सेवा करणाऱ्याचा. शब्दाने पुन्हा एकदा रोग्यालाच पुढे केले. मराठीची स्थितीही विचार करण्याजोगी आहे. ‘म्हातारचळ’ ह्या रूढ शब्दात आजारापेक्षा वर्तनाचा उपहास अधिक आहे. ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात येतो, पण तेथे तो क्रोधातून होणाऱ्या अधःपाताच्या साखळीतील एक दुवा आहे. रोगवाचक अर्थ अलीकडचा. ‘शुश्रूषा’ म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. तीत आज्ञाधारकपणा अभिप्रेत आहे, थकवा नाही. मातापित्यांच्या निर्वाहाचा २००७ चा भारतीय कायदाही मुलांच्या कर्तव्याची भाषा बोलतो; ते कर्तव्य करणाऱ्याच्या झोपेची नव्हे.

‘विश्राम’ ह्या संस्कृत शब्दापासून मराठीला ‘विसावा’ हा घरगुती शब्द मिळाला आहे. तो वाटसरूला लागतो, गुराख्याला लागतो, ओझे वाहणाऱ्याला लागतो. ओझे खाली ठेवले म्हणून ते टाकले असे कोणी म्हणत नाही. जपानच्या ह्या इतिहासाचे तात्पर्य काढावयाचे तर ते एवढेच की, रोग्याला सन्मानाचे नाव देणे सोपे ठरले. त्याच्या उशाशी बसलेल्या माणसाच्या विश्रांतीला खाजगी कारणांच्या यादीतून बाहेर काढणे त्याहून कठीण ठरले आणि ते काम अद्याप पुरे झालेले नाही.