बोलक्या कुलुपाची कुळकथा

रात्री इंदूरच्या सराफ्यात सोन्या-चांदीच्या दुकानांची शटरं खाली येतात आणि त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी यांचे ठेले मांडले जातात. गराडू तळून होईपर्यंत थांबलेल्यांच्या हातात मोबाइल असतो आणि मोबाइलवर अनेकदा घरच्या ग्रुपवर आलेलं एक चित्र असतं. एक कुलूप, तीन रिकाम्या चौकटी आणि खाली आकड्यांच्या चार-पाच ओळी. प्रत्येक ओळीपुढे एक सूचना: एक आकडा बरोबर आणि योग्य जागी, दोन बरोबर, पण जागा चुकलेल्या, एकही बरोबर नाही. कुलूप उघडा! तिकडे भंवरकुआंच्या कोचिंग क्लासांत बँकेच्या परीक्षांना बसणारी मुलं याच जातीची कोडी ‘रीझनिंग’ म्हणून घोटत असतात. एकाची करमणूक, दुसऱ्याचा अभ्यास.

इंदूरचा मराठी माणूस दारावर ‘ताला’ लावतो आणि घरात आला की त्यालाच ‘कुलूप’ म्हणतो. कुलूप हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून आला, चावी पोर्तुगिजांकडून. एवढ्याशा वस्तूत दोन समुद्र आणि दोन भाषा! आकड्यांच्या कुलुपाला मात्र सगळे ‘नंबर लॉक’च म्हणतात. कोड्याचं कुळही असंच दूरदूरचं आहे. त्याआधी एक कोडं सोडवून पाहू. तिन्ही आकडे वेगवेगळे आहेत, एवढं ठाऊक आहे.

१८४ : एकही आकडा बरोबर नाही.
५३१ : दोन आकडे बरोबर, पण दोन्ही चुकीच्या जागी.
३१६ : एक आकडा बरोबर आणि तो योग्य जागी.
८६९ : एक आकडा बरोबर, पण चुकीच्या जागी.

सुरुवातीला शक्यता किती? पहिल्या चौकटीत दहापैकी कोणताही आकडा, दुसरीत उरलेल्या नवांपैकी, तिसरीत आठांपैकी. गुणाकार ७२०. पहिली ओळ वरवर काहीच देत नाही, पण तिच्यामुळे १, ८ आणि ४ कायमचे बाद होतात आणि ७२०चे २१० उरतात. दुसऱ्या ओळीतला १ आधीच गेलेला, म्हणजे ५ आणि ३ नक्की आहेत. ५ पहिल्या जागी नाही, ३ मधल्या जागी नाही. उरल्या १५ शक्यता. तिसऱ्या ओळीत एकच आकडा बरोबर आणि ३ तर पक्का झालेला, तेव्हा तो पहिल्या जागी बसला आणि ६ बाहेर पडला. उरल्या ८. चौथ्या ओळीत ८ नाही, ६ नाही, म्हणून ९ आहे. तो शेवटी नाही, पहिली जागा ३ने घेतलेली, म्हणजे ९ मध्ये. उत्तर ३९५.

आता पहिली ओळ झाकून हेच कोडं पुन्हा करून पाहावं. ३९५, ३८५, ३५८ आणि ९१५ अशी चार उत्तरं निघतात आणि चारही उरलेल्या सूचनांत चोख बसतात. ‘एकही बरोबर नाही’ असं सांगणारी ओळच त्यांतलं एक निवडून देते. सोडवणारे नवखे लोक नेमकी तीच ओळ सोडून पुढे जातात.

या ७२०ची, म्हणजे शक्यता मोजण्याच्या विद्येची, थोर परंपरा इंदूरपासून फार लांब नाही. आग्रा-मुंबई रस्त्याने सेंधव्यापुढचा घाट उतरला की खानदेश लागतो. धुळ्याहून चाळीसगाव, आणि चाळीसगावजवळ डोंगराच्या कुशीत पाटण. तिथल्या देवीच्या देवळात १२०७ सालच्या सुमाराचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. लेख संस्कृतात, पण मठाला दिलेल्या दानाचा तपशील जुन्या मराठीत. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांपुढे आणला.

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ ११५०ची. तिच्या शेवटच्या प्रकरणाचं नाव ‘अंकपाश’, आकड्यांचा फास. शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं आहेत. ती हातांत अदलून-बदलून दिली तर मूर्तीची रूपं किती होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूच्या चार हातांतल्या शंख-चक्र-गदा-पद्मांची २४. पुढचं उदाहरण तर थेट कुलुपाचं वाटावं असं: सहा जागा, शून्य नाही, सगळे आकडे वेगळे, तर संख्या किती? ६०,४८०. शेवटी आणखी एक पीळ दिला आहे. पाच जागा, शून्य नाही आणि आकड्यांची बेरीज तेरा, तर किती? ४९५. शून्य वगळून पाच जागांच्या ५९,०४९ संख्या होतात. ‘बेरीज तेरा’ एवढ्या एका सूचनेने त्या ४९५वर आल्या. सूचना दिली की शक्यता गळतात, हा या कोड्याचा सगळा जीव आणि तो इथे साडेआठशे वर्षांपूर्वीच मांडलेला आहे.

माळव्याचंही या ग्रंथांशी नातं आहे आणि इंदूरकर मराठी माणसाने ते आवर्जून सांगावं असं आहे. इंदूर-भोपाळ रस्त्यावरच्या सीहोरला १८३०च्या दशकात लान्सलॉट विल्किन्सन नावाचा इंग्रज राजकीय अधिकारी संस्कृत पाठशाळा चालवत असे. भास्कराचार्यांच्या सिद्धांतातूनच मुलांना नवं खगोलशास्त्र शिकवावं, हा त्याचा आग्रह. त्याच्या सोबतीला सुबाजी बापू हे मराठी पंडित होते; त्यांनी याच विषयावर मराठीत ग्रंथ लिहिला. बापूदेव शास्त्रीही या पाठशाळेत शिकले आणि इथूनच १८४२ साली काशीला अध्यापक म्हणून गेले. ‘लीलावती’ची आवृत्ती पुढे त्यांनीच संपादून छापली.

मोजणी पाटणला शिकवली जात होती त्याच सुमाराला पश्चिमेकडे खुद्द कुलूप घडत होतं. १२००-०१ साली इस्फहानच्या एका कारागिराने चार फिरत्या चकत्यांची पितळी पेटी केली. चकत्यांवर अक्षरं कोरलेली, ती ठरल्याप्रमाणे जुळली तरच पेटी उघडणार. कारागिराचं नाव महंमद इब्न हमीद अल-अस्तुरलाबी, म्हणजे ग्रह-ताऱ्यांची उंची मोजणारं यंत्र बनवणारा. ज्याला चकत्यांवर अंश कोरायची सवय, त्यालाच हे सुचावं यात नवल नाही. ती पेटी आज कोपनहेगनच्या संग्रहालयात आहे. १२०६च्या अल-जझरीच्या यंत्रांवरच्या प्रसिद्ध ग्रंथातही पेटीच्या अक्षरी कुलुपाची रचना दिली आहे. अल-जझरीचा ग्रंथ आणि पाटणचा शिलालेख एकमेकांपासून साधारण वर्षाच्या अंतरावर! दोघांना एकमेकांची गंधवार्ताही नव्हती.

पण खरं कुलूप मुकं असतं. दोन आकडे बरोबर आहेत, असं ते कधीच सांगत नाही. एक तर उघडतं, नाही तर ढिम्म राहतं. त्याच्याकडून काही काढून घ्यायचं तर वेगळी वाट धरावी लागते. दुसऱ्या महायुद्धात लॉस अलामोसला अणुबाँबवर काम करत असताना रिचर्ड फाइनमन या भौतिकशास्त्रज्ञाने ती वाट शोधली. तिथल्या फायलींच्या कपाटांना शंभर आकड्यांच्या चकतीचं कुलूप होतं आणि त्याला ओळीने तीन आकडे लागत. कागदावर दहा लाख शक्यता. फाइनमनच्या लक्षात आलं की आकडा एक-दोन घरं इकडे-तिकडे झाला तरी कुलूप चालवून घेतं. म्हणजे पाच-पाच घरांनी उड्या मारल्या तरी भागतं. प्रत्येक आकड्याला वीसच प्रयत्न, एकूण ८,०००. मग सहकाऱ्यांच्या खोलीत गप्पा मारता मारता, उघड्या कपाटाची चकती हाताने चाळवत, तो शेवटचे दोन आकडे काढून घेई. उरत फक्त वीस प्रयत्न. एकदा तर त्याने निव्वळ माणूस ओळखला. गणित-भौतिकीत मुरलेला गृहस्थ आहे, तो कुठला आकडा ठेवणार? कपाट २७-१८-२८ला उघडलं. गणितातल्या ‘ई’ या स्थिरांकाचे पहिले सहा आकडे.

कोड्यातलं कुलूप बोलतं, कारण त्याच्यामागे मुळात माणूस होता. ‘बुल्स अँड काउज’ नावाचा एक जुना खेळ कागद-पेन्सिलीवर दोघांत खेळतात. एकाने चार वेगळ्या आकड्यांची संख्या मनात धरायची, दुसऱ्याने अंदाज सांगायचा. आकडाही बरोबर, जागाही बरोबर, तर बैल. आकडा बरोबर पण जागा चुकली, तर गाय. ‘एक बैल, दोन गायी’ एवढंच उत्तर मिळतं आणि त्यावर पुढचा अंदाज बेतायचा. एकूण शक्यता १० × ९ × ८ × ७, म्हणजे ५,०४०. नीट खेळलं तर सात अंदाजांत संख्या सापडतेच. १९६८ साली केंब्रिज विद्यापीठाच्या टायटन संगणकावर फ्रँक किंग यांनी हा खेळ बसवला. नाव दिलं ‘मू’, म्हणजे गाईचं हंबरणं.

दोनच वर्षांनी इस्रायलमधल्या मोर्देकाय मेइरोविट्झ या पोस्टमास्तराने आकड्यांच्या जागी रंगीत खुंट्या आणल्या. मोठ्या खेळणी-कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. शेवटी इंग्लंडात लेस्टरच्या इन्व्हिक्टा प्लास्टिक्स या लहान कंपनीने तो खेळ उचलला. तो ‘मास्टरमाइंड’. सहा रंग, चार जागा, रंग पुन्हा आला तरी चालतो, म्हणून शक्यता १,२९६. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी त्याच दशकात दाखवून दिलं की पाच अंदाजांत कोणताही संकेत फुटतो. पहिला अंदाज दोन रंगांच्या दोन जोड्यांचा लावायचा, ११२२ असा. नूथ यांची रीत ऐकायला सोपी आहे: बरोबर उत्तराच्या मागे धावू नका; नशीब अगदी वाईट निघालं तरी ज्याच्यामुळे कमीत कमी शक्यता शिल्लक राहतील, असा अंदाज घ्या.

फोनवरचं कोडं म्हणजे अशाच एका खेळाचा लिहून ठेवलेला डाव. अंदाज सांगणारा उठून गेला, उत्तरं देणारा उठून गेला, कागद तेवढा उरला. त्यावर कुणीतरी कुलुपाचं चित्र चिकटवलं आणि तो फोनाफोनी फिरायला लागला. चित्र कुळात सगळ्यात शेवटी आलं, पण नाव त्याचंच पडलं.

डावात अंदाज लावणारा चाचपडत असतो, म्हणून एखादी चाल वाया गेली तर चालतं. कोडं रचणाऱ्याला मात्र फुकटची ओळ माफ नाही. सगळ्यात जास्त फिरलेलं कोडं ०४२ या उत्तराचं. त्यात पाच ओळी असतात, पण पहिल्या तिनांतच ते सुटतं. ६८२मध्ये एक आकडा योग्य जागी. ६१४मध्ये एक, चुकीच्या जागी. २०६मध्ये दोन, दोन्ही चुकीच्या जागी. पहिल्या ओळीतला ६ योग्य जागी मानला तर दुसरी ओळ मोडते. ८ मानला तर तिसरी मोडते. उरला २, शेवटच्या जागी. तिसऱ्या ओळीत ६ नाही, म्हणून ० आला, तोही पहिल्याच जागी. मधली जागा दुसऱ्या ओळीतल्या १ची असू शकत नाही, कारण मग तो योग्य जागी ठरला असता, म्हणून ४. ‘एकही बरोबर नाही’ ही ओळ आणि तिच्यापुढची ओळ, दोन्ही इथे सोबतीला आलेल्या. इतकं लोकप्रिय कोडं, पण रचना सैल.

सराफ्यातून घरी परतलेल्या एखाद्याला पहाटेच्या गाडीने पुण्याला निघायचं असतं आणि माळ्यावरून काढलेल्या सूटकेसचा नंबर घरात कुणालाच आठवत नाही. तिथे ना ओळी, ना सूचना. तीन चाकं, हजार आकडे. एका आकड्याला दोन सेकंद धरले तरी अर्ध्या-पाऊण तासाचं काम. घरातलं कुणीतरी मांडी घालून बसतं, बॅग मांडीवर घेतं आणि अंगठ्याने शेवटचं चाक फिरवायला लागतं: ०००, ००१, ००२...