शेजारचे मुन्शी

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मोहल्ल्यातील गुणवंत मुलामुलींच्या सत्काराला मला बोलावले होते. अशा कार्यक्रमांत जे बोलायचे ते मी बोललो. महात्मा फुले, डॉ. आंबेडकर, मौलाना आझाद, डॉ. अब्दुल कलाम अशी नावे घेतली, 'यांचा आदर्श समोर ठेवा' असे सांगितले आणि टाळ्या घेऊन खाली बसलो. चहाच्या वेळी दहावी पास झालेली एक मुलगी जवळ आली. म्हणाली, "सर, ही फार मोठी माणसं झाली. आमच्या आसपासचं कुणी सांगा ना. मला पुढं शिकायचंय, पण अब्बा म्हणतात, कॉलेजला रोज एस.टी.नं जायचं म्हणजे नको." मी तिला 'जिद्द सोडू नकोस' असे काहीतरी सांगितले. माझी गाडी निघायची वेळ झाली होती.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मला नंतर सापडले. मी व्यासपीठावरून ज्यांचे पहिले नाव घेतले होते, त्यांच्याच चरित्रात ते होते. पुण्यात, जोतिरावांच्या घराच्या शेजारी.

जोतिराव फुले यांचा जन्म १८२७ चा. पेशवाई बुडून तेव्हा जेमतेम नऊ वर्षे झाली होती. वडील गोविंदराव यांचा फुलांचा धंदा होता, मळा होता. मुलाला त्यांनी पंतोजींच्या शाळेत घातले आणि तीन-चार वर्षांनी काढूनही घेतले. दुकानातील कारकुनाने त्यांच्या मनात भरवले होते की, शिकलेला पोरगा मळ्यात काम करणार नाही, बापाच्या हातून जाईल. गोविंदरावांना ते पटले. पोराच्या हाती खुरपे आले. १८४० साली सावित्रीबाईंशी लग्नही झाले. मुलगा तेरा वर्षांचा, सून नऊ वर्षांची. शाळा सुटून तीन वर्षे होत आलेली, घरात सून आलेली आणि हाताला मळ्यातील काम लागलेले. आपल्या वस्त्यांतून ज्यांनी डोळे उघडे ठेवून वावर केला आहे, त्यांना या अवस्थेचा अर्थ सांगायला नको. असा मुलगा शाळेत परत जात नाही.

हा मुलगा परत गेला. दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्याजवळ तो पुस्तक घेऊन बसतो, हे शेजाऱ्यांच्या लक्षात आले होते. त्या शेजाऱ्यांपैकी एक होते उर्दू-फारसीचे शिक्षक मुन्शी गफ्फार बेग आणि दुसरे ख्रिस्ती गृहस्थ लिजिटसाहेब. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. पोरगा हुशार आहे, त्याला पुन्हा शाळेत घाला, असे सांगितले. १८४१ साली जोतिराव पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले आणि १८४७ साली तिथला अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडले.

धनंजय कीरांपासून सर्व चरित्रकारांनी ही हकीकत दिली आहे. पण ती एक-दोन वाक्यांत येते आणि संपते. चरित्र पुढे निघून जाते, मुन्शी मागे राहतात. त्या दोन वाक्यांपाशी आपण जरा थांबले पाहिजे, असे मला वाटते.

मुन्शी फारसी शिकवीत. फारसी ही शतकानुशतके दरबाराची भाषा. आपल्या मराठीतले फडणवीस, चिटणीस, जमाखर्च, अर्ज, तारीख हे सगळे तिच्याच वाटेने आलेले शब्द. परंतु १८४१ साली तो दरबार उरला नव्हता. कंपनी सरकारने १८३७ साली कायदा करून बंगाल इलाख्याच्या कचेऱ्यांतूनही फारसीला निरोप दिला होता. ज्या विद्येवर आपले पोट चालते तिचे दिवस भरत आले, हे ज्याला दिसते तो माणूस बहुधा कडवट होतो. नवी विद्या खोटी, नवी पिढी बिघडलेली, असे म्हणू लागतो. गफ्फार बेग यांनी शेजारच्या माळ्याच्या मुलासाठी इंग्रजी शाळेचा आग्रह धरला. स्वतःची विद्या जुनी होत असताना दुसऱ्याच्या मुलाला नव्या विद्येकडे पाठवायला मन मोठे लागते.

दुसरी गोष्ट. मिशनची शाळा म्हणजे तेव्हा लोकांच्या मनात धास्ती होती. १८३९ साली मुंबईत दोन पारशी तरुणांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, प्रकरण कोर्टात गेले आणि कितीतरी पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. ही घटना ताजी होती. अशा वेळी हिंदू बापाला एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती शेजारी सांगतात, मुलाला मिशनच्या शाळेत घाला, आणि बाप ऐकतो. हा विश्वास एका संध्याकाळच्या बोलण्यातून आला नसणार. शेजारधर्म रोजच्या वागण्यातून जमा होतो आणि कधीतरी असा कामी येतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मुन्शी मुलाशी बोलून थांबले नाहीत, बापाशी बोलले. मुलाला जिद्द शिकवायची गरजच नव्हती. दिव्याजवळ बसणाऱ्याकडे ती होतीच. अडसर दुसरीकडे होता आणि मुन्शींनी त्या अडसराला हात घातला.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. 'जोतिरावांना आम्ही घडवले' असा दावा आपल्यापैकी कुणी करू नये. त्यांचे घडणे त्यांचे स्वतःचे होते. लहानपणी आईविना वाढलेल्या जोतीला सांभाळणाऱ्या सगुणाबाई, मिशन शाळेतले गोवंडे, वाळवेकर, परांजपे हे मित्र, थॉमस पेनचे मानवी हक्कांवरील पुस्तक, या सर्वांचा त्यात वाटा आहे. १८४८ साली बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढण्याचे धैर्य तर जोतिराव आणि सावित्रीबाईंचेच. मुन्शींनी एक बंद होत आलेले दार उघडे ठेवले, इतकेच. पण ते बंद झाले असते तर पुढचे सारे कसे घडले असते, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

त्या शाळेपायी जोतिराव-सावित्रीबाईंना १८४९ साली गोविंदरावांचे घर सोडावे लागले. तेव्हा गंज पेठेतील उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी आसरा दिला, असे चरित्रपरंपरा सांगते. त्यांची बहीण फातिमा सावित्रीबाईंसोबत शिकवण्याच्या कामात उतरल्या. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला गेल्या असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतिरावांना जे पत्र लिहिले, त्यात फातिमा यांचा उल्लेख आहे. आपल्या गैरहजेरीत सगळा भार फातिमेवर पडला असेल, तरी ती तक्रार करायची नाही, असा त्याचा आशय. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात हे पत्र छापलेले आहे.

९ जानेवारी २०२२ रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर फातिमा शेख यांचे चित्र लावले, तेव्हा आपल्या घराघरांतून ते चित्र मोबाईलवर फिरले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये एका पत्रकाराने समाजमाध्यमांवर जाहीर केले की, फातिमा शेख हे पात्र आपणच कल्पनेने उभे केले होते. त्या वेळी अनेक शिकलेली माणसेही गडबडली. वास्तविक गडबडण्याचे कारण नव्हते. माळी यांचा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ सालीच प्रसिद्ध केला आहे. गडबड झाली ती आपल्या सवयीमुळे. आपण फातिमाबींना जन्मतारीख दिली, त्यांच्या तोंडी भाषणे घातली, पुतळ्याएवढे मोठे केले, आणि ते एक पत्र मात्र वाचले नाही. वाढवून सांगितलेला इतिहास एका फुंकरीने उडतो आणि त्याच्याबरोबर खरे तेवढेही उडते की काय अशी भीती वाटू लागते. पत्रातील फातिमा आपल्याला पुरेशा आहेत. सहकारी आजारी पडली, म्हणून तिचे काम आपल्या अंगावर घेणारी आणि कुरकुर न करणारी शिक्षिका. कुठल्याही शाळेत विचारा, अशी एक शिक्षिका असली की शाळा चालते.

आता एक कडू घोट. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतिरावांनी जे निवेदन दिले ते प्रसिद्ध आहे. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी त्यात केली. त्याच निवेदनात त्यांनी नोंदवून ठेवले आहे की, मुसलमान या सरकारी शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी आणि इंग्रजीची ओढ दिसत नाही. हे एखाद्या द्वेष्ट्याचे बोलणे नाही. 'मानव महंमद' हा अखंड लिहिणाऱ्या माणसाचे आहे. ज्याच्या कुटुंबात मुलीने आपल्या मर्जीने इस्लाम स्वीकारला तरी आईबाप आणि भाऊ तिच्याशी प्रेमाने राहतील, असे घर ज्याने 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त कल्पिले, त्याचे आहे. एका मुन्शीच्या शब्दामुळे इंग्रजी शाळेत गेलेला मुलगा चाळीस वर्षांनी सांगतो आहे की, मुन्शीच्या बिरादरीतली मुले शाळेत दिसत नाहीत.

त्यावर आपल्यातील जाणत्यांनी काहीच केले नाही असे नाही. बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत १८७४ सालीच अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली होती. पुढे गावोगावी शाळा निघाल्या. तरीही २००६ साली सच्चर समितीने सांगितले की, देशातील सहा ते चौदा वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच गळाली. या आकड्यावर आपण परिषदा घेतल्या, ठराव केले, सरकारकडे मागण्या केल्या. त्या मागण्या रास्तच आहेत आणि त्या लावून धरल्या पाहिजेत. पण गळालेले प्रत्येक मूल कुणाच्या तरी शेजारी राहते, हेही खरे आहे.

आपण प्रेरणास्थाने शोधतो ती उंचावर. त्यांच्या तसबिरी भिंतीवर असाव्यात, त्याबद्दल वाद नाही. परंतु अडलेल्या पोराला तसबीर हात देत नाही. त्याला हवा असतो त्याच्या बापाशी दोन शब्द बोलू शकणारा शेजारी. गफ्फार बेग यांचा पुतळा कुठे नाही. त्यांनी केलेल्या कामाला पैसा लागत नाही, पद लागत नाही, संस्था लागत नाही. उठून शेजारच्या घरी जावे लागते.

त्या मुलीचे पुढे काय झाले ते सांगतो. दीड-दोन वर्षांनी त्याच गावचे एक कार्यकर्ते भेटले, तेव्हा मी चौकशी केली. तिचे लग्न झाले होते. "तिच्या अब्बांना कुणी समजावलं असतं तर पाठवलं असतं त्यांनी, माणूस काही वाईट नाही," असे ते सहज बोलून गेले. त्यांचे घर त्या सभागृहापासून दोन गल्ल्या सोडून होते. मी मुलीला जिद्दीचा उपदेश केला आणि दोन गल्ल्या चाललो नाही.

आता निकालाच्या दिवसांत आम्ही चौघे-पाच जण सत्काराचा कार्यक्रम करतो, पण त्याआधी घरे फिरतो. मास्तर, मौलाना, पिठाच्या गिरणीवाले चाचा, ज्याचे ज्या घरात वजन असेल तो पुढे बोलतो. काही घरी चहा मिळतो, काही घरी 'बघू' एवढेच उत्तर मिळते. गेल्या खेपेला एका बापाने तासभर आमचे ऐकून घेतले आणि शेवटी एवढेच विचारले, "एस.टी.चा पास कुठं काढतात?"