चढाला प्लग, उताराला लायनर

मंडळी, बेळगावातल्या जुन्या घरांच्या माळ्यावर अजून पत्र्याच्या हत्यारपेट्या सापडतात. आमच्या काकांच्या पेटीत एक विचित्र पाना निघाला. नळीचा बॉक्स पाना, पण अर्ध्यातून कापलेला आणि वरच्या तोंडावर मोठा नट वेल्ड केलेला. घरातल्या पोरांना काय कळणार? भंगारात निघाला होता. म्हणून म्हटलं, त्याची हकीकत लिहून ठेवावी.

दुचाकी दुरुस्तीचं आपल्या गावाचं नातं जुनं आहे. 1888 साली रामूअण्णा आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर या भावांनी इथंच सायकलचं दुकान काढलं. 1910 साली ते किर्लोस्करवाडीला गेले, पण किर्लोस्कर रोड हे नाव आपल्याकडे राहिलं. पुढं मोटरसायकली आल्या. बुलेट 1955 पासून मद्रासला जुळू लागली. 1961 पासून म्हैसूरला जावा तयार होऊ लागली, मूळ गाडी चेकोस्लोव्हाकियाची. तिलाच 1973 पासून येझदी हे नाव मिळालं. राजदूत मूळची पोलंडची. गाड्या परदेशी घाटाच्या, कंपनीचा मेकॅनिक लांब. मग दुरुस्तीची अक्कल गल्लीतल्या मिस्त्रींनीच काढायची, दुसरं कोण करणार?

आमच्या गल्लीतले मिस्त्री म्हणायचे, "चढाला प्लग आणि उताराला लायनर. बाकी सगळं देव बघतो." आंबोली उतरून सावंतवाडीला जाणाऱ्यांना याचा अर्थ बरोब्बर कळायचा.

टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलच्या वीस-पंचवीस भागांना एक भाग ऑइल मिसळायचं. ते जळून प्लगवर काजळी धरायची आणि ऐन घाटात गाडी फटफट करून बसायची. प्लग साफ करायला दोन मिनिटं पुरतात, पण आधी तो निघाला पाहिजे ना! काही गाड्यांची टाकी हेडवर इतकी खाली यायची की लांब पाना बसायचाच नाही, आणि बसला तर आडवी टॉमी फिरायची नाही. दरवेळी टाकी कुठं उतरवत बसणार? म्हणून मिस्त्रींनी पाना कापला, वर नट लावला आणि बाजूनं साधा फिक्स पाना घालून थोडं थोडं फिरवायची सोय केली. हाच तो माळ्यावरचा पाना.

पण अडचणीच्या जागी खरी परीक्षा प्लग परत बसवताना असायची. हेड ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडाचा. काकांनी एकदा घाईत, तापलेल्या इंजिनात, पान्यानंच प्लग घुसवला. आटे गेले. शेवटी उद्यमबागेत लेथवर हेडला पितळी बुश बसवून घ्यावा लागला. तेव्हापासून शिस्त ठरली. इंजिन गार होऊ द्यायचं. प्लग बोटांनी आधी उलटा फिरवायचा, आटा 'टक्' करून जागेवर आला की मग सुलटा. बोटांनी जाईल तेवढा जाऊ द्यायचा, पाना फक्त शेवटी. बोटं पोचत नसतील तर प्लगच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा अडकवायचा. आटा तिरका लागला तर नळीच घसरते, हेड वाचतं.

आता उतार. आज डिस्क ब्रेकला पॅड म्हणतात. तेव्हा चाकात ड्रम, आत दोन ब्रेक शू आणि त्यांवर रिव्हेट मारलेले लायनर. घाटात टू-स्ट्रोक इंजिन गाडीला फारसं धरत नाही, त्यामुळे सगळा भार ब्रेकवर. लायनर बसवताना मिस्त्री रिव्हेट मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे जायचे, म्हणजे लायनर मध्ये फुगत नाही. रिव्हेटचं डोकं लायनरच्या आत बुडलेलं हवं, नाहीतर ड्रमला चर पडतो. मग ड्रमला आतून खडू फासायचा, चाक बसवून ब्रेक दाबत फिरवायचं आणि उघडून बघायचं. जिथं खडू लागला तो उंचवटा, तेवढाच कानशीनं घासायचा. लायनरची टोकं थोडी उतरती करायची, म्हणजे ब्रेक एकदम पकडत नाही. शेवटी ब्रेक दाबून धरूनच एक्सलचा नट आवळायचा, म्हणजे दोन्ही शू मधोमध बसतात. एवढं झाल्यावर दाणोलीपर्यंत निर्धास्त.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. त्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. मिस्त्री ड्रम उघडला की तोंडानं फुंकर मारून धूळ उडवायचे, आणि आम्ही पोरं शेजारी उकिडवी बसलेलो असायचो. ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते, हे गॅरेजमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. शेवटची काही वर्षं मिस्त्री सारखे खोकायचे. कशानं, ते कुणी तपासलं नाही. तेव्हा ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी ड्रम उघडल्यावर फुंकू नका, ब्रशनं झाडू नका. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका आणि नवे लायनर बिनॲस्बेस्टॉसचेच घ्या.

तो पाना मी घासून, तेल लावून ठेवलाय. तुमच्याही माळ्यावर असलं काही असेल तर फोटो टाका, आणि कुणी बनवलं तेही लिहा की.