सिम्युलेशन आणि खेळातून शिक्षण : गुण नेमके कशाला द्यायचे?

सिम्युलेशन म्हणजे खऱ्या वस्तूचे किंवा घटनेचे नियम संगणकात भरून तयार केलेली तिची चालती प्रतिकृती. चित्रफीत नुसती बघता येते, सिम्युलेशनमध्ये हात घालता येतो. लंबकाची दोरी लांब केली की आंदोलन सावकाश होते, बहिर्वक्र भिंगापासून मेणबत्ती लांब नेली की पडद्यावरची प्रतिमा लहान होते. त्यात उद्दिष्ट, डाव आणि हार-जीत आली की त्याचा खेळ होतो. शाळा-कॉलेजात या दोन्हींचा उपयोग शिकवण्यासाठी होतो आणि विद्यार्थ्याला किती आले हे तपासण्यासाठीही. शिकवण्याचे काम त्यातून बरेच सोपे होते, तपासण्याचे मात्र होतेच असे नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पश्चिमेला पाटण, जावळी, शिराळ्याचा डोंगराळ भाग आहे, पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जतचा दुष्काळी पट्टा. लहान गावच्या हायस्कुलात एका उपकरणाभोवती दहा-पंधरा मुले उभी राहतात, तेव्हा त्याला हात लागतो तो पुढच्या दोघा-तिघांचा. बाकीचे वहीत वाचने उतरवून घेतात. अशा ठिकाणी पडद्यावरचा प्रयोग खरोखर उपयोगी पडतो, कारण तो प्रत्येकाला स्वतः करता येतो आणि दहा वेळा करता येतो.

यासाठी फुकट मिळणारी साधने आहेत. अमृता विद्यापीठ आणि मुंबईच्या सी-डॅकने तयार केलेल्या ‘ओलॅब्ज’मध्ये नववी ते बारावीचे प्रयोग आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतही आहेत. तिथे सिद्धांत आणि कृतीबरोबर तोंडी परीक्षेचे प्रश्नही दिलेले असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेल्या ‘फेट’ची अनेक सिम्युलेशन्स मराठीत आहेत. अभियांत्रिकीसाठी केंद्र सरकारचा ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ हा प्रकल्प आहे. आयआयटी दिल्ली त्याचा समन्वय करते, आयआयटी मुंबई आणि पुण्याचे सीओईपी त्यात सहभागी आहेत. सांगलीच्या वालचंद कॉलेजातला किंवा इस्लामपूरजवळच्या राजारामनगरचा विद्यार्थी हे प्रयोग वसतिगृहातल्या लॅपटॉपवरही उघडू शकतो.

चुकण्याची मुभा

‘फेट’मधल्या विद्युत परिपथाच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरीची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडली, की पडद्यावर ज्वाळा उठतात. वर्गात कोणतेही सर हे करू देणार नाहीत. पण शॉर्टसर्किट म्हणजे काय, हे व्याख्या पाठ करून कळत नाही इतके त्या ज्वाळांनी कळते. मुलगा मुद्दाम चुकतो, काय होते ते बघतो आणि पुन्हा जोडतो. सिम्युलेशनची खरी ताकद या मुद्दाम चुकण्यात आहे.

परीक्षा आली की नेमकी हीच मुभा जाते. पहिल्याच झटक्यात बरोबर उत्तराला गुण ठेवले, तर मुलगा कशाला तार उलटी जोडून बघेल? म्हणून सराव आणि परीक्षा वेगळे ठेवावे लागतात. ‘व्हर्च्युअल लॅब्ज’मध्ये प्रयोगाआधी एक छोटी चाचणी आणि प्रयोगानंतर दुसरी असते, मधला प्रयोग मोकळा असतो. ही मांडणी शहाणपणाची आहे. दोन चाचण्यांतला फरक शिक्षकाला बरेच काही सांगतो.

पडदा काय तपासू शकत नाही

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या घरात पंप कुणाला नवा नाही. पंपात हवा अडकली तर मोटार नुसती फिरत राहते, पाणी चढत नाही. आधी पंपात पाणी भरावे लागते, फुटव्हॉल्व्ह गळतोय का ते पाहावे लागते. संगणकावरच्या पंपाच्या चाचणीत सहसा यातले काहीच नसते. तिथला पंप नेहमी भरलेला, वीज नेहमी पुरेशी. दाब, प्रवाह आणि कार्यक्षमता यांचा आलेख मुलाला समजला का, हे पडदा छान तपासतो. बंद पडलेला पंप त्याला चालू करता येईल का, हे तपासायला पंपच लागतो.

दहावीला विज्ञानाच्या १०० गुणांपैकी २० प्रात्यक्षिकाचे असतात. २०२१ साली करोनामुळे दहावीची बोर्डाची परीक्षा रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. हाताने केलेले काम दुरून कसे मोजायचे, हा पेच तेव्हा प्रत्येक शाळेपुढे होता. पुढे २०२२-२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान आणि गणिताच्या ७५० आभासी प्रयोगशाळांची घोषणा झाली. घोषणा स्वागतार्हच, पण तिचा आधार घेऊन शाळेतले प्रयोगशाळेचे कपाट रिकामे ठेवणे परवडणारे नाही. रयत शिक्षण संस्था ज्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी स्थापन केली, त्या कर्मवीर भाऊराव पाटलांची ‘कमवा आणि शिका’ योजना याच भागातली. तिच्यात शिकणाऱ्याचे हात मातीत असत.

हा गुंता वैद्यकीय शिक्षणाने बऱ्यापैकी सोडवला आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात प्रत्येक महाविद्यालयाला कौशल्य प्रयोगशाळा सक्तीची आहे. मिरजेचे शासकीय महाविद्यालय आणि कऱ्हाडचे कृष्णा, दोन्ही त्यात आले. इंजेक्शन, टाके, छातीवर दाब देऊन हृदय चालू करणे हे सगळे आधी पुतळ्यावर घोटून घ्यायचे. परीक्षेसाठी रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली स्कॉटलंडमधून मांडलेली पद्धत वापरतात. विद्यार्थी ठरावीक मिनिटांत एका टेबलावरून दुसऱ्यावर जातो आणि परीक्षक हातातल्या यादीवर एकेक कृती टिपतो : हात धुतले का, रुग्णाला विचारले का, दाब पुरेसा खोल होता का. अंदाजे गुण देण्याला तिथे फारसा वाव उरत नाही.

महापुराचा डाव

खेळाचे मूल्यमापन करताना आणखी एक अडचण येते : जिंकण्यात नशिबाचाही वाटा असतो. सांगलीच्या वर्गात कागद-पेन्सिलीवर मांडता येईल असा एक डाव घेऊ. एका गटाकडे कोयना धरण, साठा सुमारे १०५ टीएमसी. दुसऱ्याकडे सांगलीचा आयर्विन पूल, जिथे ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका. तिसऱ्याकडे खालचे आलमट्टी, १२३ टीएमसी. चौथा गट लोकांना हलवणारे प्रशासन. प्रत्येक फेरी बारा तासांची आणि पाऊस चिठ्ठी काढून ठरतो.

कोयनेवाल्यांनी पाणी लवकर सोडले आणि पाऊस थांबला, तर उन्हाळ्यात वीज आणि शेती दोन्ही अडचणीत. उशीर केला तर धरणात जागा उरत नाही, आणि सोडलेले पाणी कऱ्हाडला कृष्णेत मिळून सांगलीला पोचते तेव्हा तिथे आधीच पूर असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली होती. ज्या मुलांच्या घरात तेव्हा पाणी शिरले, ती हा डाव हसण्यावारी नेत नाहीत. आलमट्टीच्या फुगवट्याचा सांगलीच्या पुराशी किती संबंध, यावर तर मोठ्यांचेच एकमत नाही. वर्गात त्यावर भांडण झाले तर होऊ द्यावे.

गुण मात्र शहर वाचले की बुडाले यावर देऊ नयेत, कारण चिठ्ठी चांगली निघाली तर आळशी गटही जिंकतो. प्रत्येक फेरीत गटाने दोन ओळी लिहायच्या : काय ठरवले आणि त्या वेळी हातातल्या कोणत्या आकड्यावरून. शिक्षकाने तपासायचा तो हा कागद. संगणकावरच्या खेळात हीच नोंद आपोआप होते : कोणते बटण कधी दाबले, किती वेळा मागे गेला. पण मनात काय हिशेब होता ते त्या नोंदीत येत नाही, म्हणून शेवटी पाच मिनिटे मुलाला समोर बसवून विचारावेच लागते.